खो मिळेपर्यंत

माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड एका पालीने मारला. थंडीचे दिवस, कॅबिनेटच्या आत छान ऊब, बाई मागच्या फटीतून शिरल्या आणि नेमक्या जिथे वीज बोर्डावर येते तिथे जाऊन विसावल्या. फट् असा आवाज झाला, पडदा काळा झाला आणि घरभर करपल्याचा वास सुटला. आम्ही जैन. नवऱ्याने आधी पालीसाठी डोळे मिटून हात जोडले, मग मला विचारलं, "तुला काय लागलं नाही ना?" बोर्डाची चौकशी त्याने केलीच नाही. नवऱ्याचं नाव शीतल. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या जैनांत हे पुरुषाचं नाव असतं. पुण्याच्या वाचकांना हसायचं असेल तर त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

मला मात्र बोर्डाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. राज्य स्पर्धा तोंडावर आली होती, आणि खरं सांगायचं तर ती स्पर्धा माझी नव्हती, वन्संची होती.

वन्सं म्हणजे शीतलची धाकटी बहीण, चंदना मगदूम. नात्याने धाकट्या असल्या तरी वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून मी त्यांना अहोजाहो करते आणि त्या मला 'वहिनी' म्हणत खुशाल अगंतुगं करतात. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, शाळेत खेळ शिकवतात. तरुणपणी त्या खो-खोत जिल्ह्याच्या कर्णधार होत्या. महाराष्ट्राच्या संघात निवड झाली, जर्सीसाठी माप देऊन आल्या, आणि शेवटच्या सरावात खांबाजवळ वळताना गुडघा फिरला. ती जर्सी दुसऱ्याच कुणीतरी घातली. आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही, आणि कुणी विसरतही नाही.

मग संगणकी खो-खो आला. त्यात गुडघ्याचं काम नाही. बघता बघता त्याचे सामने कबड्डीच्या बरोबरीने लोक बघायला लागले, जिल्हा संघटना झाल्या, आणि जिंकणाऱ्या जोडीला महाराष्ट्राची खरीखुरी जर्सी मिळायला लागली. वन्संनी मला हाताशी धरलं. मी आयुष्यात मैदानावर खो-खो खेळलेली नाही. मी बेदाण्याच्या शीतगृहात यंत्रांचं तापमान सांभाळते आणि घरी बसून कॉम्प्युटरवर नेमबाजीचे खेळ खेळते. वन्संचं म्हणणं असं की हात चांगला आहे, बाकीचं मी बघून घेते. दोन वर्षं त्यांनी मला घडवलं. खुल्या गटाला चाळिशीची अट होती आणि येत्या श्रावणात त्यांना चाळीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे ही शेवटची खेप. आणि तेवढ्यात पालीने घोळ घातला.

खेळ सोपा आहे. मधल्या रांगेत आठ जणी एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसलेल्या, नववी पळणाऱ्या गड्याचा पाठलाग करते. तिला मधली रेघ ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही. गडी रांगेतून पलीकडे निसटला तर बसलेलीच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणायचं, की ती उठून पुढचा पाठलाग करते. संगणकी जोडीच्या खेळात पाठलाग करणारी बाहुली एकीच्या हाती, बसलेली दुसरीच्या हाती, आणि प्रत्येक खो झाला की दोघींची अदलाबदल. खो मिळाला की खुर्चीला बांधलेली पट्टी तुमच्या पाठीवर थाप मारते. ती थाप मिळायच्या आधी उठलात तर चूक. मैदानावरही तेच, इथेही तेच.

तर आम्ही दोघी गणपती पेठेत अजीम मुजावरांच्या दुकानात गेलो.

अजीमभाईंनी काचेवर दोन खोकी ठेवली. एकाच कंपनीचे दोन मदरबोर्ड, 'स्थिर' आणि 'अग्रणी'. दोन्हींचा सॉकेट माझ्या जुन्या प्रोसेसरला चालणारा. स्थिरला रॅमच्या खाचा चार, वीजपुरवठ्याचे टप्पे भक्कम, उष्णता पसरवणाऱ्या पट्ट्या जाडजूड. दिसायला अगदी शाळेच्या मुख्याध्यापकासारखा. अग्रणीला रॅमच्या खाचा दोनच, कारण उरलेली जागा एका चौकोनी चिपने घेतलेली. त्या चिपसाठीच लोक रांगा लावत होते.

"डोळे झाकून अग्रणी न्या ताई," अजीमभाई म्हणाले. "सगळी पेठ हाच न्यायला लागलीय. तुम्ही कळ दाबायच्या आधी ह्याला कळतंय तुम्ही काय दाबणार ते."

वन्संनी खोकं उलटंसुलटं करून पाहिलं. "ती चिप बंद करता येते का?"

"कमी करता येते. बंद नाही. कीबोर्डची वाटच तिच्यातनं जाते ना."

वन्संनी खोकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला आवडतोय तो घे."

आता मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं की 'तुला आवडतोय तो घे' म्हणजे 'हा घेऊ नकोस'. साडीच्या दुकानात मी हे वाक्य कितीदा ऐकलंय आणि दरवेळी हातातली साडी मुकाट्याने गादीवर परत ठेवलीय. पण मदरबोर्डाच्या दुकानातही तोच नियम चालतो हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मला अग्रणी आवडला होता. मी अग्रणी घेतला.

ह्या चिपबद्दल थोडं सांगायला हवं. बोट कळ दाबतं त्याच्या आधी बरंच काही घडून गेलेलं असतं. मेंदूतून हुकूम निघतो, हाताचे स्नायू ताणतात, बोट हवेतच किंचित खाली येतं. हे जवळ येणं नव्या कीबोर्डांना स्पर्शाआधीच जाणवतं. अग्रणीची चिप ते वाचते, तुमच्या जुन्या हजारो खेळी आठवते, पडद्यावर काय चाललंय ते पाहते, जोडीदाराचा आवाज ऐकते आणि ठरवते, की आता ही बाई अमुक कळ दाबणार. मग तीच दाबून टाकते. अंदाज बरोबर आला तर पापणी लवायच्या आत तुम्ही पुढे. चुकला तर खेळी गुपचूप मागे घेतली जाते आणि तुमची बाहुली क्षणभर अडखळते. बघणाऱ्याला वाटतं, तोल गेला.

हे नियमात बसत होतं. मुंबईहून खेळणाऱ्याची इंटरनेटची तार वेगळी आणि गडचिरोलीहून खेळणाऱ्याची वेगळी, म्हणून संगणकी पंच खो आणि उठणं यांच्यात डोळ्याला दिसणारही नाही एवढी सूट देतो. अग्रणीचं सगळं राज्य त्या सुटीत होतं.

आणि काय राज्य होतं. पहिल्या आठवड्यात बोर्ड माझा हात शिकला. दुसऱ्या आठवड्यापासून मी अशी उठायला लागले की समोरच्यांना माझी बाहुली बसलेली दिसायचीच नाही. साताऱ्याची जोडी गेली, सोलापूरची गेली, ठाण्याची नावाजलेली जोडी गेली. जिल्ह्यात आमचे फलक लागले. शीतगृहातल्या हमालांनी मला बेदाण्याचा हार घातला, तो मी घरी येईपर्यंत निम्मा खाल्ला. उपांत्य सामना जिंकून आम्ही कराडच्या अंतिम फेरीत पोचलो तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

वन्सं मात्र गप्प गप्प असायच्या. मला वाटलं, दडपण असेल.

घरात थोडे बदल होत होते. शीतलने तोंड उघडायच्या आत मी त्याच्या पानात मीठ वाढायचे. तो म्हणायचा, "मला ताक पाहिजे होतं." फोनवर समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर तयार असायचं, आणि निम्म्या वेळा ते दुसऱ्याच प्रश्नाचं असायचं. शीतगृहाचे मालक म्हणाले, "मॅडम, मला माझं वाक्य तरी पूर्ण करू द्या." मी हसले. वेग वाढलाय असं मला वाटायचं, आणि त्याचा अभिमानही वाटायचा.

अंतिम फेरीच्या आदल्या रविवारी सगळे एकत्र जेवायला बसलो होतो. वन्संनी भाकरीचा तुकडा मोडला, तसाच हातात धरला आणि म्हणाल्या, "वहिनी, मला कराडला..."

"कराडला राहायचं कुठं, हेच ना? माझ्या मावशीला कळवलंय. खोली तयार आहे. तुमच्या गुडघ्यासाठी पलंगसुद्धा उंच घ्यायला सांगितलाय."

वन्संनी तुकडा ताटात ठेवला. शीतल म्हणाला, "अगं, तिला बोलू दे की."

"बोलल्या की त्या."

"मी अजून काहीच बोलले नाही," वन्सं म्हणाल्या. हात धुऊन त्या जिना चढून गेल्या. गुडघ्यामुळे त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतात. तो आवाज मी रोज ऐकते, पण त्या दिवशी तो फार वेळ येत राहिला.

मी मागोमाग गेले. त्या खिडकीत बसल्या होत्या.

"मी सांगणार होते की मला कराडला खेळायचं नाही. तू दुसरी कुणी जोडीदार घे. संघटनेला मी कळवते."

मला काही कळेना. "वन्सं, जर्सी हातभर अंतरावर आलीय."

"कुणाची जर्सी?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मला लोक कशासाठी ओळखायचे माहितीय तुला? हुल देण्यासाठी. मी वाकायची, हात न्यायची आणि खो द्यायचीच नाही. गडी फसायचा. आता मी वाकले की तू उठलेली असतीस. मग मला खो द्यावाच लागतो, नाहीतर चूक आपली. गेले तीन महिने खो कधी द्यायचा ते मी ठरवत नाही वहिनी, तुझा बोर्ड ठरवतोय. मी पाठीवर हात ठेवते तेव्हा तिथं पाठच नसते."

मी म्हणाले, "पण आपण जिंकतोय."

"तो जिंकतोय. जर्सी पण त्यालाच घाल, माप घेऊन."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी खाली आले, कॉम्प्युटर लावला आणि अग्रणीने बनवलेला आलेख उघडला. चिपचा अंदाज किती वेळा बरोबर येतो ते त्यात दर आठवड्याला दिसायचं. मला वन्संना दाखवून द्यायचं होतं की बोर्ड फक्त माझ्याच मनातलं करतो. रेघ वर वर जात होती आणि गेला महिनाभर अगदी माथ्याला टेकून सरळ चालली होती. जवळजवळ चूकच नाही.

आता शीतगृहात तापमानाची रेघ अशी सरळ आली की मी खूश होत नाही. उठून तार तपासते. जिवंत खोलीचं तापमान थोडं हलतंच. दार उघडतं, माल येतो, माणसं ये-जा करतात. अजिबात न हलणारी रेघ म्हणजे कुठंतरी काहीतरी अडकलंय.

मी त्या रेघेकडे बघत बसले. आपल्या मेंदूला श्रेय घ्यायची भारी हौस असते. पडद्यावर बाहुली उठलेली दिसली की बोट आपसूक कळ दाबून मोकळं होतं, आणि मेंदू म्हणतो, हे मीच ठरवलं होतं. असं रोज घडलं की बोट वेगळं काही करायचं सोडूनच देतं. चिपचा अंदाज सुधारला नव्हता. मीच अंदाजाबरहुकूम वागायला शिकले होते. कीबोर्डवरच नव्हे, पानात मीठ वाढतानासुद्धा. माणूस बोलायच्या आधी त्याचं वाक्य संपवून टाकायचं आणि त्याला तेच म्हणायचं होतं असं धरून चालायचं. मला स्वतःचीच लाज वाटली. मी तशीच पुन्हा वर गेले.

"वन्सं, दुकानात तुम्ही म्हणालात, तुला आवडतोय तो घे."

"हं."

"ते मला त्याच वेळी कळायला पाहिजे होतं."

त्यांच्या तोंडावर हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. "साडीच्या दुकानात बरं कळतं तुला."

"उद्या स्थिर आणते."

अजीमभाईंनी मला वेड्यात काढलं, पण अग्रणीला गिऱ्हाईक दारात उभं होतं, त्यामुळे त्यांनी तो आनंदाने बदलून दिला. मी प्रोसेसर पुसला, त्यावर उष्णता वाहून नेणारा नवा लेप लावला, स्थिर बसवला, स्क्रू आवळले, मागची फट जाळीने बंद केली. पालीच्या पुढच्या पिढीची शीतलला काळजी होती. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मला मात्र काहीच सुरू करता येईना. बोट कळीपर्यंत न्यायचे आणि थांबायचे. काहीच व्हायचं नाही. शेवटचं दाबायचं कामही आपलंच असतं हे मी विसरून गेले होते. आणि दाबायला लागले ती पुन्हा थापेच्या आधीच. हुकूम द्यायला चिप नव्हती, पण सवय शिल्लक होती. पंचाची शिट्टी वाजायची, चूक.

सरावाच्या चार डावांनंतर वन्संनी कीबोर्ड बाजूला सारला. "चल, अंगणात."

"कशाला?"

"तू कधी खरा खो घेतलायस का?"

मी नव्हता घेतला. सकाळच्या उन्हात त्यांनी मला अंगणात उकिडवी बसवली, हात जमिनीला टेकलेले, तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे. स्वतः माझ्या मागे येरझाऱ्या घालू लागल्या. पावलांचा आवाज यायचा, एक भारी, एक हलकं. जवळ यायचा. मी उठायची.

"खो दिला का मी?"

"नाही."

"बस."

पुन्हा पावलं. पुन्हा मी उठायची. शेजारच्या चौगुलेकाकू गच्चीतून बघत होत्या. शीतल चहा घेऊन बाहेर आला आणि पायरीवर बसला.

"आई सामायिकाला बसायची तशी बस," तो म्हणाला.

सामायिक म्हणजे ठरलेला वेळ एका जागी बसणं. काही करायचं नाही, काही मागायचं नाही, पुढचं काही योजायचं नाही. सासूबाई रोज बसत. मी लग्नानंतर दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मनातल्या मनात आठवड्याची भाजी ठरवून उठले. त्या दिवशी अंगणात मला पहिल्यांदा कळलं की ते किती अवघड असतं. पावलं जवळ येतात, कपड्याची सळसळ होते, श्वास ऐकू येतो, अंगातला कण न् कण म्हणतो, आता. आणि बसून राहायचं, कारण 'आता' हे तुम्ही ठरवायचं नाही.

कधीतरी मी अंदाज करायचं थांबवलं. थकून असेल. पावलं आली आणि गेली. आली आणि गेली. मग पाठीवर हात पडला, उबदार, आणि वन्सं हळूच म्हणाल्या, "खो." मी उठले ती भिंतीपर्यंत पळत गेले. वळून पाहिलं तर त्या कमरेवर हात ठेवून हसत होत्या, दोन वर्षांत हसल्या नव्हत्या तशा.

"मी कराडला येतेय," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना सांगू नकोस बोर्ड बदललाय म्हणून."

कराडचं सभागृह खच्चून भरलं होतं. प्रत्येक जोडीने स्वतःचं मशीन आणायचं असा नियम. तपासनिसाने माझं कॅबिनेट उघडून पाहिलं, स्थिर बघून भुवया उंचावल्या आणि शिक्का मारला. समोर अमरावतीची जोडी होती. त्यांच्यातली किमया वानखडे म्हणजे पळतीत, गडी होऊन निसटण्यात, राज्यात पहिली. दोघींकडे अग्रणी, आणि त्यावर आमचे आधीचे सगळे सामने घोटून घेतलेले. हे सगळेच करायचे. प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या खेळी चिपला भरवल्या की ती त्याचेही अंदाज बांधते.

पहिल्या डावात आमचं काही खरं नव्हतं. मी थापेनंतर उठत होते, म्हणजे आधीपेक्षा उशिरा, आणि तेवढ्यात गडी निसटत होता. वन्सं हुल देतील म्हणून मी डोळ्यात तेल घालून बसले होते, आणि त्या हुल देतच नव्हत्या. वाकायच्या, खो द्यायच्या. वाकायच्या, खो द्यायच्या. दरवेळी. मध्यंतराला मी चिडून म्हणाले, "एकदा तरी फसवा की त्यांना. मी बसते. शपथ."

"घाई कशाची?" त्या पाणी पीत म्हणाल्या. "तीन महिने तू त्यांच्या बोर्डांना शिकवलंयस की मी वाकले म्हणजे तू उठतेसच. एवढं फुकट शिकवलंस, ते वाया कशाला घालवायचं?"

माझ्या मूर्खपणाचा असा उपयोग होईल हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

दुसऱ्या डावात आम्ही चिवटपणे धरून राहिलो. पळतीत वन्संनी एकटीने इतका वेळ खाल्ला की कराडची मंडळी, ज्यांचा सांगलीशी उभा दावा, तीसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. शेवटची पाळी पाठलागाची, आमची. एकेक गडी टिपत बरोबरी केली. मैदानात उरली किमया. ती बाद झाली तर जर्सी आमची. ती टिकली तर आधीच्या फेऱ्यांतल्या गुणांवर अमरावतीची. घड्याळ संपत आलं होतं.

किमया रांगेच्या डाव्या अंगाला होती, वन्सं उजव्या. मी मधे, डावीकडे तोंड करून बसलेली. म्हणजे वन्संनी मला खो दिला की मी किमयाच्याच बाजूला उठणार. तसं झालं तर किमयाला एकच वाट: रांगेतून उजवीकडे निसटायचं. हे मला कळत होतं, सभागृहाला कळत होतं आणि किमयाच्या बोर्डाला सगळ्यांच्या आधी कळत होतं.

वन्संची बाहुली माझ्या मागे आली. कानातल्या यंत्रात त्यांचा श्वास ऐकू आला, खो म्हणायच्या आधी त्या घेतात तसाच. पडद्यावर त्या वाकल्या. हात माझ्या पाठीपर्यंत आला. माझं बोट कळीवर होतं. अंगणातली पावलं मला आठवली.

थाप आली नाही.

मी बसून राहिले.

किमयाच्या बोर्डाला थापेची गरज नव्हती. वाकणं म्हणजे उठणं, हे तो आमच्याकडूनच शिकला होता. त्याने किमयाला रांगेतून उजवीकडे फेकलं, ती सरळ वन्संच्या पुढ्यात. खो दिलेला नव्हता, म्हणजे पाठलाग अजून वन्संकडेच होता. किमयाची बाहुली अडखळली. खेळी मागे घ्यायची धडपड पडद्यावर स्पष्ट दिसली. वन्संनी माझ्या पाठीपाशी आणलेला हात वळवला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. इतक्या निवांतपणे, की घरी आलेल्या पाहुणीला आत या म्हणावं तसं.

पंचाची शिट्टी वाजली. गडी बाद.

पुढचा आवाज एवढा मोठा होता की त्याचं वेगवेगळं काही ऐकू आलं नाही. शीतल खुर्चीवर उभा राहून ओरडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा सामना काहीही न करता जिंकला होता.

किमया उठून आमच्याकडे आली. पोरगी दिलदार. तिने वाकून वन्संच्या पायाला हात लावला. "मी पळाली नाही ना ताई," ती म्हणाली. "त्यानंच पळवलं मले. मले थांबायचं होतं."

"मग थांबायला शीक," वन्सं म्हणाल्या. "सांगलीला ये. आमच्याकडे अंगण आहे."

बक्षीस समारंभाला आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. मंचावर टेबल होतं आणि टेबलावर दोन जर्स्या, नीट घडी घातलेल्या, छातीवर 'महाराष्ट्र' लिहिलेल्या. निवेदकाने भाषणं झाल्यावर नावं पुकारली: "सांगली जिल्हा. चंदना मगदूम आणि राजमती मगदूम."

टाळ्या सुरू झाल्या. मागचे लोक उठून उभे राहिले. वन्सं खुर्चीचे हात धरून सावकाश उठल्या, गुडघा सरळ होईपर्यंत थांबल्या. निवेदक माझ्याकडे बघून हाताने खुणावत होता, या, या. शीतल मागून म्हणाला, "अगं, ऊठ की."

मी बसून राहिले.

वन्सं फिरून माझ्या मागे आल्या. एक भारी पाऊल, एक हलकं. मी मंचाकडे बघत होते, मागे वळले नाही. आज त्यांना हवा तेवढा वेळ त्यांनी घ्यावा. त्या थांबल्या, आणि त्यांचा श्वास मला ऐकू आला.

मग पाठीवर हात पडला.

"खो," वन्सं म्हणाल्या, आणि मी उठले.